ठमीची पिशवी

मावशीचा फोन आला की आधी ठमी जेवली का, मग बाकीचं जग. ठमी म्हणजे नाशिकला मावशीच्या अंगणात वाढलेली गावठी कुत्री, तांबूस, एक कान उभा एक पडलेला, वजन १८ किलो, वय वर्षं ९. (कुत्री हा शब्द लिहिताना जरा अवघडायलाच होतं, आपल्याकडे तो शिवी म्हणूनच जास्त वापरतात, पण आता आहे ती कुत्रीच, काय करणार.) मागच्या वर्षी मावशीचे गुडघे पार गेले आणि ती लेकीकडे बंगळुरूला राहायला गेली, तिथे जावयाला केसांची ऍलर्जी, म्हणून ठमी आमच्याकडे डोंबिवलीला आली. येताना सोबत एक पितळी वाडगा, गोधडीचा एक तुकडा, आणि मावशीचं एक वाक्य, "तिचं ऑपरेशन-बिपरेशन काही केलेलं नाही हं, मी कधी वेळच येऊ दिली नाही."

वेळ येऊ दिली नाही म्हणजे काय, तर वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे ठमी मागच्या खोलीत आणि मावशी पायरीवर काठी घेऊन. नऊ वर्षं! एक पिल्लू होऊ दिलं नाही बाईने. मला तर हे ऐकून मावशीला एखादं पदक द्यावंसं वाटलं होतं.

आमच्याकडे आल्यावर गणपतीतच तिची हीट आली, म्हणजे ती माजावर आली. दुसरा मजला, लिफ्ट, गेटवर परिसरातले झाडून सगळे बोके, म्हणजे कुत्रे, पण वागणं बोक्यांचं. वॉचमनकाका वैतागले, सेक्रेटरींचा मेसेज आला, आम्ही ठमीला पहाटे साडेचारला आणि रात्री बाराला फिरवायला लागलो. ते तीन आठवडे कसेबसे गेले आणि मी म्हटलं चला सुटलो. मग ब विंगमधल्या लॅब्राडॉर कुत्रीचं झालं. ती पण आठ-नऊ वर्षांचीच. दोन दिवस जेवत नव्हती, पाणी मात्र बादलीभर पीत होती, त्यांना वाटलं उकाडा आहे, ऑक्टोबर आहे. तिसऱ्या रात्री उठेचना. गर्भपिशवीत पू झाला होता, रात्री दोन वाजता ऑपरेशन, वाचली, पण आठवडाभर सलाईनवर होती आणि किडनीचं औषध तेव्हापासून चालूच आहे.

पायोमेट्रा म्हणतात त्याला. मला हा शब्दच माहीत नव्हता. झालं असं की त्या रात्री मी वाचत बसले आणि मग झोपच आली नाही. हीट येऊन गेली की पिल्लं राहोत न राहोत, पुढचे दोनेक महिने शरीर पिल्लं आहेत असंच धरून चालतं, पिशवीचं अस्तर जाड होतं, आणि असं दरवेळी होत होत वयानुसार त्यात पाण्याच्या गाठी व्हायला लागतात. त्यात जंतू शिरले की संपलं. पिशवीचं तोंड उघडं असलं तर निदान खालून घाण येते, कळतं तरी. बंद असलं तर आतल्या आत भरत जाते आणि बाहेर फक्त "जरा सुस्त आहे" एवढंच दिसतं. आणि बाईची पाळी पन्नाशीला थांबते तसं यांचं नसतं, यांची हीट लांबत जाते पण म्हातारपणापर्यंत येतच राहते. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत आहे आणि नसबंदी सरसकट करत नाहीत, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींवरून आकडा मिळतो, नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी दहाव्या वर्षापर्यंत साधारण पाचातली एक ते चारातली एक यात सापडते. ठमी नऊची. हीट संपून झालेले साडेतीन आठवडे. आणि हे दुखणं येतं ते बहुतेक हीटनंतर चार ते आठ आठवड्यांत.

मी उठून तिच्या पाण्याचा वाडगा बघून आले. अर्धा होता. आता हा अर्धा जास्त की कमी, कोण सांगणार?

दुसऱ्या दिवसापासून मी ते मोजायलाच लागले. बिस्लेरीच्या एक लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, सकाळी वाडग्यात मोजून ओतायचं, रात्री उरलेलं परत मोजायचं. कुत्रं साधारण किलोमागे ५०-६० मिली पाणी पितं, किलोमागे १०० च्या वर गेलं की डॉक्टरकडे पळायचं, म्हणजे ठमीसाठी धोक्याची रेघ १८०० मिलीला. फ्रिजवर कागद चिकटवला. ९५०, १०२०, ९००. एक दिवस १४०० आलं आणि मी ऑफिसात रडायचीच बाकी होते, मग कळलं की मुलाने तिला खारट सुक्या मासळीचं डोकं खायला घातलं होतं.

तर ऑपरेशन करायचं हे ठरलं. कसं करायचं, इथून खरा घोळ.

माझं आपलं आधीच ठरलेलं होतं, लॅप्रो, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. कारण तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन तसंच झालं, पोटाला तीन-चार बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी मी घरात पोळ्या लाटत होते (ते करायला नको होतं, तो वेगळा विषय). आता प्राण्यांचंही होतं दुर्बिणीने, मुंबई-ठाण्यात करणारे आहेत. पाच ते दहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवायचं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजार, रक्तवाहिनी जाळून बंद करायची आणि बीजकोश बाहेर. दुखणं कमी, कुत्रं दोन दिवसांत उड्या मारायला लागतं. खर्च साध्याच्या दुपटीहून जास्त, पण मी म्हटलं असू दे, दिवाळीचा सोफा रद्द.

दुसरी पद्धत म्हणजे नेहमीची, बेंबीच्या खाली मधोमध उभा छेद, पिशवी आणि बीजकोश सगळंच काढायचं. आणि तिसरी कुशीतून, बरगडीच्या मागे छोटा छेद. ती रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीत बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यामागे एक साधी हुशारी आहे, जखम कुशीवर असली की लांबूनही दिसते, कुत्र्याला पकडून उलटं करावं लागत नाही. पण त्या वाटेने पोटातलं सगळं नीट दिसत नाही, म्हणून पिशवीत काही गडबड असेल तर नको म्हणतात.

मी दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी वय ऐकूनच डॉक्टर म्हणाले, "नऊ? या वयात भूल म्हणजे रिस्क आहे मॅडम, कशाला त्रास देता म्हातारीला." दुसऱ्या ठिकाणी बरोबर उलटं, "उद्या सकाळी उपाशी आणून सोडा, संध्याकाळी घेऊन जा." रक्त तपासणी? "लागली तर बघू." दोन्ही फोन ठेवल्यावर मला सारखीच भीती वाटली, एकाने हात झटकले होते आणि दुसऱ्याला ती ठमी आहे की टीव्ही दुरुस्तीला आलाय याच्याशी देणंघेणं नव्हतं.

ब विंगवाल्यांनी त्यांच्या डॉक्टर मॅडमचा नंबर दिला, ठाण्याला. मी गेले ती यादी घेऊनच, लॅप्रोचे फायदे, प्रिंटआउट काढून. मॅडमनी ती यादी नीट वाचली, हसल्या नाहीत, हे मला आवडलं. मग म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे. दोन वर्षांची असती तर मीच तुम्हाला लॅप्रोला पाठवलं असतं. आधी तिची पिशवी बघू."

सोनोग्राफीला ठमीचं पोट भादरलं तर आतली कातडी गुलाबी, काळे ठिपके असलेली, एकदम पिल्लासारखी. ती माझ्या कोपरात तोंड खुपसून पडून राहिली. स्क्रीनवर मला अर्थातच काही कळलं नाही, पावसात टीव्ही मुंग्या दाखवायचा तसं. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, हे अस्तर जाड, हे बारीक काळे गोल म्हणजे पाण्याच्या गाठी. पू नाही. अजून नाही.

मग त्यांनी समजावलं ते असं. दुर्बिणीने करतात तेव्हा बहुतेक फक्त बीजकोश काढतात, पिशवी आतच ठेवतात, आणि तरुण कुत्रीत ते बरोबरही आहे, कारण बीजकोश गेले की हार्मोन बंद, पिशवी आपोआप सुकून बारीक होते. पण जी पिशवी आधीच बिघडलीय ती ठेवून काय उपयोग? ती काढायची तर दुर्बिणीतूनही काढता येते, पण जाड आणि नाजूक झालेली पिशवी छोट्या भोकातून ओढताना फाटायची भीती, मग भोक मोठं करा, नाहीतर मधेच पोट उघडा. त्यात गॅसने पोट फुगवलं की छातीचा पडदा वर दाबला जातो, म्हाताऱ्या कुत्रीला श्वासाला तेवढीच जागा कमी. "छेद लहान करायच्या नादात भूल लांबवायची, हे मला या वयात पटत नाही," असं म्हणून त्यांनी ठमीला उताणं केलं आणि सडांवरून बोटं फिरवत गेल्या. मागून दुसऱ्या जोडीत थांबल्या. "ही गाठ कधीपासून आहे?"

तुरीच्या दाण्याएवढी. मी रोज या कुत्रीचं पोट खाजवते. रोज. आणि मला ती गाठ माहीत नव्हती.

सडांच्या गाठींचंही एक गणित असतं, १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातलं, अजून सगळीकडे तेच सांगतात, पहिल्या हीटच्या आधी नसबंदी केली तर धोका अर्धा टक्का, पहिल्या हीटनंतर ८ टक्के, दुसरीनंतर २६. नंतर लोकांनी हा पुरावा तितकासा भक्कम नाही असंही दाखवलं. ते काही असो, ठमीच्या सतरा-अठरा हीट होऊन गेलेल्या, तिच्यासाठी ती गाडी केव्हाच सुटलेली. अशा गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या साध्या, निम्म्या कॅन्सरच्या. म्हणजे आधी छातीचा एक्स-रे, तो स्वच्छ असेल तर त्याच भुलीत गाठही काढायची आणि तपासायला पाठवायची.

लॅप्रो गेलं. मी प्रिंटआउटची घडी घालून पर्समध्ये ठेवली. खरं सांगू, मला रागच आला होता, मॅडमचा नाही, असाच, मोघम. नऊ वर्षं ज्या पोटाला मावशीने कुणाची सावली पडू दिली नाही त्याला मी चांगली वीतभर चीर पाडणार होते. माझ्या डोक्यात ते बारीक भोक इतकं पक्कं बसलं होतं त्याचं कारण बहुतेक हेच असणार की भोक छोटं असलं की माझ्या हातून फार काही झालं नाही असं वाटलं असतं.

निघताना मी जरा त्राग्यानेच विचारलं, भुलीतून उठलीच नाही तर? त्यावर मॅडमनी जे सांगितलं ते मी नंतर घरी शोधून वाचलं, ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान हजारो कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून केलेला अभ्यास आहे, तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यांत भुलीमुळे मृत्यू साधारण दोन हजारात एक, आजारी कुत्र्यांत मात्र पंच्याहत्तरात एक. म्हणजे आत्ता थांबायचं आणि पू झाल्यावर रात्री दोनला न्यायचं, हे दुसऱ्या रांगेत जाऊन उभं राहणं झालं. आणि त्यातली एक गोष्ट मला अजिबातच माहीत नव्हती. जी कुत्री दगावली त्यातली जवळपास निम्मी टेबलावर गेलेली नव्हती. ऑपरेशन संपल्यावर गेली, आणि त्यातही जास्त करून पहिल्या तीन तासांत. सगळे हात धुवून चहाला जातात ना, तेव्हा.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी फोन करून एकच विचारलं, ऑपरेशननंतरचे तीन तास तिच्याजवळ कोण बसणार आहे? मॅडम म्हणाल्या आमची असिस्टंट असेल, तापमान आणि नाडी दर पंधरा मिनिटांनी लिहिते ती. आणि तुम्ही या, दाराबाहेर बसा, शुद्धीवर यायला लागली की आत घेऊ. झालं, माझं तिथेच ठरलं.

लगेच मात्र करता आलं नाही. हीटनंतर दोन-तीन महिने थांबायचं असतं, तोवर पिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, हार्मोन वर असतात, मधेच बीजकोश काढले तर कुत्री खोट्या गरोदरपणात जाऊ शकते, दूध काय, उशा गोळा करून घरटं काय. म्हणजे थांबावं तर नेमके तेच धोक्याचे आठवडे. आणि रक्त तपासलं तर प्लेटलेट ८५ हजार, कुत्र्यांना दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. गोचीड ताप. अंगणातली कुत्री, कधी चावली असेल गोचीड देव जाणे, वरून काहीच दिसत नव्हतं. मला तो दुसरा फोन आठवला, "लागली तर बघू" म्हणणारा, आणि पोटात गोळा आला, कारण प्लेटलेट कमी असताना चीर पाडली की रक्त लवकर न थांबायची भीती असते. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन, पोटभर जेवणानंतरच, भाकरीच्या गोळ्यात लपवून. दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. फ्रिजवरचा कागद चालूच. ९८०, ९४०, १०५०.

या सगळ्यात मावशीला काय सांगायचं हा प्रश्न होताच. मी आपली टाळत होते. शेवटी एका रविवारी सांगितलं, पिशवी काढावी लागेल म्हणून. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "पिशवी होय." आपल्या बायकांना हा शब्द वेगळा समजावावा लागत नाही.

मावशीची काढली १९९४ मध्ये, ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती. "मला कुणी विचारलं होतं गं? डॉक्टर तुझ्या काकांशी बोलले, काका सासूबाईंशी बोलले, मला सांगितलं बुधवारी जायचंय, डबा करून ठेव." लहानपणी आम्हाला एवढंच कळलं होतं की मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालंय, दंगा करू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी २०१९ ला आली तेव्हा सगळे हळहळत होते आणि मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "आता कळलं होय यांना." त्या वेळी मला ते नुसतं तिरकस वाटलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं, भोक, छेद, गॅस, गाठी, प्लेटलेट. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "एका कुत्रीसाठी एवढं विचारतेस डॉक्टरला?" त्यात टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. मग म्हणाली, "माझ्याजवळ तुझी आई बसली होती, तीन रात्री. खुर्चीत. तू बसशील ना?"

"बसेन गं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. प्लेटलेट दोन लाख दहा हजार, एक्स-रे स्वच्छ, हृदय ठीक. आदल्या रात्री दहानंतर जेवण बंद, ठमी पहाटे वाडगा नाकाने ढकलत माझ्यापर्यंत घेऊन आली, पितळेचा फरशीवर घासल्याचा तो आवाज. साडेनऊला आत नेलं. शेपूट हलवत गेली, असिस्टंटच्या हाताला भाकरीचा वास असावा.

सव्वा तासाने मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या बघायचीय का. मला बघायची नव्हती, पण मी हो म्हटलं. स्टीलच्या ट्रेमध्ये इंग्रजी वाय आकाराचं काहीतरी, दोन लांब शिंगं, बोटाएवढी जाड, लालसर. सुतळीएवढी असते म्हणे निरोगी असली तर. मॅडमनी ब्लेडने एका शिंगावर बारीक काप दिला आणि कडा उघडून दाखवली, आत भिजवलेला साबुदाणा चिकटवावा तसे मणी, चमकणारे, दाटीवाटीने. कुठेही पू नाही. शेजारच्या छोट्या बाटलीत तुरीचा दाणा.

आत घेतलं तेव्हा ठमी हीटिंग पॅडवर, कांबळ्यात, जीभ एका बाजूला बाहेर. असिस्टंट मुलगी, असेल बावीस-तेवीसची, खरंच दर पंधरा मिनिटांनी लिहीत होती. ३६.९. ३७.२. मधे मला म्हणाली, काकू तुम्ही चहा घेऊन या ना, मी आहे. मी म्हटलं नको. ३७.८ ला ठमीने एक डोळा उघडला, मला ओळखलं नाही, लांबलचक विव्हळली. ते विव्हळणं मला अजून ऐकू येतं. भुलीतून येताना करतात असं, दुखत असतंच असं नाही, हे मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं.

घरी आल्यावरचं काही विशेष नाही. गळ्यातला तो प्लॅस्टिकचा कोन तिने दाराच्या चौकटीला आपटून आपटून दोन तासांत फोडला, मग नवऱ्याचा जुना टी-शर्ट, शेपटीसाठी मागे भोक पाडून, कमरेशी गाठ. त्यावर एका मॅरेथॉनचं नाव होतं जी तो धावलाच नव्हता, फक्त नाव नोंदवलं होतं. पहिल्या दोन रात्री मी हॉलमध्ये गादी टाकून झोपले. तिसऱ्या रात्री ती उठून माझ्या पायाशी येऊन वळकटी करून झोपली, म्हणजे मी सुटले. गाठीचा रिपोर्ट आठवड्याने आला, साधी निघाली.

बाराव्या दिवशी टाके काढले आणि संध्याकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल. "दाखव." मी ठमीला उताणं केलं, तिला वाटलं खाजवणार आहे, चारही पाय वर. मोबाईल जवळ नेला. भादरलेल्या पोटावर बारीक करडे केस उगवायला लागलेले, मधोमध गुलाबी रेघ, माझ्या वितीपेक्षा थोडी कमीच.

मावशीने चष्मा वर केला, स्क्रीन नाकाजवळ घेतली, मला तिचा फक्त एक डोळा दिसत होता. बराच वेळ बघत होती.

"हिचा उभा आहे," म्हणाली. "माझा आडवा."

मग म्हणाली, "जेवली का?"